बेडकीसाठी खाल्लेलं बीट

...नाही, मला सांगा, बीट ही काय रोज खायची वस्तू आहे? जमिनीखाली उगवतं, चवीला मातीच्या जवळपास, आणि चिरलं की ओट्यावर कुणाचा तरी खून झाल्यासारखं दिसतं! एखाद्या वेळी ठीक आहे हो, ताटाच्या कडेला दोन चकत्या, शोभेला... पण रोज? सकाळी बिटाचा रस, दुपारी डब्यात बिटाचा कीस, संध्याकाळी उकडलेलं बीट, आणि ज्या दिवशी बीट नाही त्या दिवशी जांभळा कोबी. जांभळा! अहो, रंगात उभा जन्म काढलेला माणूस मी, मला विचारा, जांभळा रंग लोक गाडीलासुद्धा मारून घेत नाहीत, आणि मी तो खातोय! चावून चावून! वर ती ग्रीन टी. चहा म्हणायचा त्याला? गवत धुतलेलं पाणी! दूध नाही, साखर नाही, दया नाही, माया नाही... पण काय करणार? खाल्लं. प्यायलं. दहा महिने.

हसू नका. हसताय ते कळतंय मला. आता सगळंच सांगतो, नीट, पहिल्यापासून, फक्त मध्ये थांबवू नका, थांबवलंत तर मला पुन्हा बिटापासून सुरुवात करावी लागेल.

मी गाड्यांचा रंगारी. नुसता फवारा मारणारा नव्हे बरं का, तो कुणीही मारतो. मी रंग जुळवणारा. तुमची गाडी कुठंतरी घासली, दारावर हातभर ओरखडा आला, तर काय अख्खी गाडी रंगवाल? तेवढाच तुकडा रंगवायचा. पण गाडी आठ वर्षं उन्हात उभी राहिलेली, तिचा रंग आता डब्यावरच्या नंबराशी कुठला जुळायला? तो विटलेला, पिवळट झालेला... मग मला बोलावतात. चिमूटभर काळा, दोन थेंब पिवळा, पत्र्याच्या तुकड्यावर मारायचा, वाळवायचा, बाहेर उजेडात नेऊन गाडीला टेकवून बघायचा. नाही जुळला, पुन्हा. बत्तीस वर्षं! मी बुजवलेला डाग मालकाला बोट ठेवून दाखवावा लागतो. 'साहेब, इथं होता.' 'कुठं?' 'इथं.' 'छे हो, काहीच दिसत नाही!' न दिसणं हेच माझं काम. फुशारकी म्हणून नाही सांगत, पुढं कळेल का सांगतोय ते.

घरात आम्ही तिघं. मी, आमची ही, म्हणजे बायको, ती शाळेच्या ऑफिसात कारकून, आणि आमची एकुलती एक मुलगी. चौथ्या वर्षी तिला पाण्यात सोडली ती बाहेरच यायला तयार होईना, हाताची कातडी सुरकुतली, ओठ निळे पडले तरी 'अजून पाच मिनिटं', तेव्हापासून ती बेडकी. आता सत्तावीस वर्षांची आहे, पण बेडकीच. आणि पाणी काही सोडलं नाही तिनं. तरणतलावावर लहान मुलांना शिकवते. सकाळी सहाला तिचा वर्ग. एकोणीस पोरं, एकोणीस तऱ्हा. कुणी काठ सोडत नाही, कुणी रडतं, कुणी तिच्या गळ्याला असं लटकतं की तीच बुडायची... आणि ही शांत. 'काही नाही होत. मी आहे ना खाली.' एवढंच वाक्य. पोरं सोडतात हो हात!

तर मागच्या वर्षीची गोष्ट. रविवारची दुपार. बेडकी तलावावरून आली, गॅलरीत उभी राहून केस पुसत होती, ऊन बरोबर तोंडावर. आणि मला डाव्या डोळ्याच्या कडेला दिसला. मसुराच्या दाण्याएवढा. बाकीच्या चेहऱ्यापेक्षा एक छटा फिकट. एकच छटा! दुसऱ्या कुणाला दिसला नसता. ट्यूबलाइटच्या उजेडात तर मलाही नसता दिसला. पण ऊन होतं, आणि डोळा माझा होता.

मी बोललो नाही.

आठ दिवस. रोज ती समोर आली की मी काहीतरी निमित्त काढून तिला उजेडात उभी करायचो. 'बेडके, जरा खिडकीपाशी ये गं, हे पत्रावरचं बारीक अक्षर वाच.' वाचायची बिचारी. मी पत्राकडं कशाला बघतोय? मी डोळ्याच्या कडेकडं. मसूर... मसूर... मग वाटाणा. तरी बोललो नाही. का, विचारा. मला वाटत होतं, मी तोंडातून काढलं की ते खरं होईल! नवव्या दिवशी ही म्हणाली, 'अहो, हिच्या डोळ्यापाशी काय आहे ते बघा.' आणि मी, बत्तीस वर्षांचा रंगाचा जाणकार, मी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणालो, 'कुठं? मला नाही दिसत.'

असं आहे.

मग त्वचेच्या डॉक्टरीणबाई. अगदी तरुण बाई, पण बोलायला स्वच्छ. दिवा लावून बघितलं, भिंगातून बघितलं, आणि म्हणाल्या, 'हे कोड आहे.' ही माझा हात धरून बसली होती, तिची नखं रुतली मला. बाई म्हणाल्या, शरीराची राखण करणारी जी व्यवस्था असते तीच कधीकधी चुकून आपल्याच रंगाच्या पेशींवर उलटते. कुणाला लागत नाही. कुणाच्या चुकीनं होत नाही. मलम आहे, प्रकाशाचे उपचार आहेत. काहींचा रंग परत येतो, काहींचा थोडा येतो, काहींचा नाही येत. वाढेल का, आत्ता सांगता येणार नाही.

बेडकीनं एकच प्रश्न विचारला. 'पाण्यात उतरायला चालेल ना?'

'चालेल. उन्हाचं क्रीम लावून जा, डाग पटकन भाजतात.'

'मग ठीक आहे.' उठली. चप्पल घातली. 'मग ठीक आहे' म्हणाली! आणि आम्ही दोघं तिथंच बसलेलो, जसं काही आम्हालाच औषध लिहून द्यायचं होतं.

आता इथं प्रवेश कुणाचा? बायकोच्या धाकट्या भावाचा. पोस्टात असतो. पण त्याचं खरं आयुष्य वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवणीत चालतं. कात्रणं काढतो, वहीत चिकटवतो, आणि कुणाच्या घरी कुणाला शिंक आली की वही घेऊन हजर! म्हणून आम्ही त्याला पुरवणीच म्हणतो. तर पुरवणी आला, चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागला, 'ताई, भाऊजी, अजिबात घाबरायचं नाही! अँटिऑक्सिडंट!'

मी म्हटलं, 'काय?'

'अँटिऑक्सिडंट, भाऊजी! बीट, पालक, डाळिंब, काळी द्राक्षं, जांभळा कोबी, टोमॅटो, अक्रोड, ग्रीन टी! जितका रंग गडद तितका गुण जास्त. आता बघा, तुम्हाला तुमच्या भाषेत सांगतो. पत्र्याला गंज कसा चढतो? हवा लागते, पाणी लागतं, पत्रा आतून खात जातो. तसंच शरीराचं. आत गंज चढतो. आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे काय? आतला प्रायमर!'

झालं! माझ्यासारख्या माणसाला तुम्ही गंज म्हणा आणि प्रायमर म्हणा, म्हणजे रंगाआधी पत्र्यावर मारायचा, गंज अडवणारा थर... मी फसलो! अहो, मी रोज लोकांना हेच सांगत आलो. वरून रंग मारून उपयोग नाही साहेब, गंज आतून आलाय, आधी आतला बंदोबस्त करा. मी म्हटलं, हाच तो! इतके दिवस डॉक्टरीणबाई मलम मलम करतायत, वरून लावतायत, आतलं कोण बघणार? त्याच संध्याकाळी मी बाजारात गेलो आणि दोन पिशव्या भरून बीट आणलं. भाजीवाली म्हणाली, 'घरी समारंभ आहे का?'

म्हणजे लक्षात घ्या. ही मोहीम काढली कुणी? मी. बीट आणलं कुणी? मीच. आता तक्रार करतोय तीही मीच. माझी तक्रार ऐकून घ्यायला दुसरं कुणी तयार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

बेडकीनं वाडग्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. 'बाबा, मी एकटी खाणार नाही. मी आजारी नाहीये. खायचं तर सगळ्यांनी.' आणि ती आणि तिची आई तर काय, कसंही निभावून नेतात, पण मी? मी तळणीतला माणूस! कढईतून निघालेलं, कुरकुरीत, तेलानं कागद पारदर्शक झालेला, ते माझं अन्न! पण पोरगी समोर बसलेली, डोळ्याच्या कडेला वाटाण्याएवढा डाग, चमचा हातात धरून माझी वाट बघतेय... काय करणार? खाल्लं.

वर्कशॉपात माझ्या डब्याचा तमाशा झाला. आमच्याकडं पत्रा ठोकणारा आहे, त्याला सगळे हातोडा म्हणतात. तो झाकण उघडल्या उघडल्या ओरडला, 'अरे या, या! मिस्तरींनी आज लाल प्रायमर आणलाय जेवायला!' एक दिवस तर काय झालं, एक मरून रंगाची गाडी आली होती, रंग काही केल्या जुळेना, सकाळपासून अकरा पत्रे वाया गेले. वैतागून तिथंच जेवायला बसलो आणि बिटाचा कीस सांडला नेमका बॉनेटवर. आणि जुळला हो! तंतोतंत जुळला! हातोडा म्हणतो, 'मिस्तरी, आता यावर पॉलिश मारू आणि देऊन टाकू गाडी.' सगळे लोळले हसून. मीही हसलो. आणि मग त्यांनी विचारलं, हे सगळं कशासाठी खाताय, तर मी म्हटलं, 'रक्तदाबासाठी.' दुसरं खोटं.

आणि दर रविवारी दुपारी गॅलरीत तपासणी. आता लपवाछपवी नाही, सरळच. 'बेडके, उभी राहा.' उभी राहायची. मी बघायचो. पहिल्या महिन्यात आहे तेवढाच. मी खूश! पुरवणीला फोन. पुरवणी म्हणतो, 'बघा! प्रायमर धरला!' दुसऱ्या महिन्यात डोळ्याच्या खालपर्यंत. पुरवणी म्हणतो, 'अक्रोड वाढवा.' वाढवले. तिसऱ्या महिन्यात उजव्या हाताच्या तीन बोटांवर, पेरांपाशी. 'डाळिंब!' डाळिंब. चौथ्या महिन्यात ओठाच्या कोपऱ्यात. पुरवणीनं वहीची पानं उलटली, पुन्हा उलटली, आणि म्हणाला, 'वेळ लागतो, भाऊजी.' आवाज बारीक झाला होता त्याचा. चांगला माणूस आहे हो तो, भाचीवर जीव आहे त्याचा. त्यानंतर तो आला की वही पिशवीतच ठेवायचा.

डॉक्टरीणबाईंना मी एकदा खोदून विचारलं. 'बाई, हे अँटिऑक्सिडंटचं काय? आम्ही काटेकोर पाळतोय.' त्या म्हणाल्या, 'फळं, भाज्या, सुकामेवा, सगळं चांगलंच आहे. खा, तिघंही खा. तब्येतीला चांगलं. पण या डागाचा हिशेब त्याच्यावर लावू नका. अन्नानं हा डाग येत नाही आणि अन्नानं तो जाईल असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.' इतकं स्पष्ट! मी काय ऐकलं? मी ऐकलं, 'चांगलंच आहे, खा.' घरी आलो, सांगितलं, 'बाई म्हणाल्या खा.' खाल्लं.

मग मला वाटलं, आतून वेळ लागतोय तर तोवर वरून. मी रंगारी आहे की नाही? सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात गेलो. छप्पन्न वर्षांचा, नखांत प्रायमर अडकलेला माणूस, आणि काउंटरवरची मुलगी विचारते, 'कुणासाठी, काका?' मी म्हटलं, 'तू फक्त बाटल्या दाखव.' एकेक बाटली हातावर लावून बघितली. 'यात पिवळा जास्त आहे. यात गुलाबी मारलाय उगाच. हा राखाडीकडं झुकतो.' ती बघतच राहिली. शेवटी तीन बाटल्या घेतल्या, वर्कशॉपात नेल्या, आणि दुपारच्या सुट्टीत बसून मिसळल्या. बेडकी तेव्हा समोर नव्हती. तिचा रंग मला पाठ आहे. चौदा वेळा मिसळलं, पंधराव्या वेळी जमलं. इवल्याशा डबीत भरलं.

तिनं लावलं. आरशासमोर बसून, बोटाच्या टोकानं, हळूहळू. उठून वळली... आणि डाग नाही! काय सांगू तुम्हाला, उन्हात नेली, नाही. सावलीत, नाही. मी हिला हाक मारली, 'ये, ये, बघ!' हिच्या डोळ्यांना पदर. मी तर असा फुललो की बस. आयुष्यात त्याहून चांगला रंग मी जुळवला नाही.

बेडकी आमच्याकडं बघत होती. हसली. म्हणाली, 'छान झालंय, बाबा. पण मी पाण्यात काम करते.'

दुसऱ्या दिवशी लावून गेली हो, माझ्यासाठी. नऊ वाजता आली ती धुतलेलं तोंड घेऊन. डबी कपाटात गेली. वाडगा समोर होता. दोघांनी खाल्लं.

आणि मग तो बुधवार. बेडकी त्या दिवशी नऊऐवजी सातलाच घरी. केस कोरडे! इतक्या वर्षांत तलावावरून ती कोरड्या केसांनी कधी आली नव्हती. ही म्हणाली, 'काय गं?' 'काही नाही.' मग बसली, आणि सांगितलं. एका मुलीच्या आईनं तलावाच्या व्यवस्थापकांकडं तक्रार केली. एकाच पाण्यात आमच्या मुली उतरतात, हिच्या हाताला ते पांढरं आहे, ओठाला आहे, आम्ही धोका का घ्यावा? आणि व्यवस्थापक म्हणाले, 'तुझं काही चुकत नाहीये, मला कळतं, पण थोडे दिवस ऑफिसात बस. नावं नोंदवायचं काम बघ. जरा बरं वाटलं की पुन्हा वर्ग देऊ.'

जरा बरं वाटलं की! तिला काय ताप होता?

माझं डोकं जे फिरलं! तसाच निघालो, ओव्हरऑल अंगात, हाताला रंग. वाटेत भाषण तयार. असं बोलीन, तसं बोलीन, तुमच्या तलावाला टाळं लावीन! व्यवस्थापकांच्या खोलीत शिरलो. साधा माणूस, टेबलावर पावत्या, शिट्टी, पोरांनी हरवलेल्या पोहण्याच्या चष्म्यांचा ढीग. म्हणाला, 'बसा ना काका.' बसलो. आणि काय बोललो माहीत आहे? हात जोडले मी. म्हटलं, 'साहेब, चार महिने द्या. चारच महिने! आम्ही उपचार करतोय, मी स्वतः लक्ष घालतोय, बीट आहे, पालक आहे, डाळिंब आहे, सगळं चालू आहे, पोरगी आधीसारखी होईल, मी शब्द देतो, एक डाग दिसणार नाही तुम्हाला, तोवर तिची जागा ठेवा...'

तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या मागं बघत होता.

मी वळलो. दारात बेडकी. माझ्यामागं धावत आली होती, दम लागलेला.

घरात आली, पाणी प्यायली, आणि मग म्हणाली. ओरडून नाही हो, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'बाबा, त्या बाई म्हणाल्या की हिला असा डाग आहे म्हणून ही नको. तुम्ही म्हणालात, डाग जाईल, मग घ्या. म्हणजे तुमचं दोघांचं एकच मत आहे.'

मी म्हटलं, 'अगं, मी तुझ्यासाठी...'

'माहीत आहे. पण तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की आहे तशी ती चांगली शिकवते.'

मला बोलायला आवडतं, तुम्ही बघताच आहात, मघापासून मी श्वास घेतलेला नाही, पण तेव्हा... तेव्हा मी ओव्हरऑलवरचा वाळलेला रंग नखानं खरवडत बसलो. कारण खरं होतं. गेले चार महिने मी तिला उन्हात उभी करून बघत होतो, आणि मला फक्त डाग दिसत होता. अख्खी पोरगी उभी होती समोर! तिला मी बघितलंच नव्हतं. हिनं वाडगे आणून ठेवले, सवयीनं. त्या दिवशी कुणीच खाल्लं नाही.

गुरुवारी पहाटे बेडकी उठली, पोहण्याचे कपडे घातले, निघाली. मी म्हटलं, 'येऊ?' 'या. पण बोलायचं नाही.' गेलो. काठावर सगळे पालक, टॉवेल, पिशव्या, पोरांच्या टोप्या. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पुढं धरले, असे, बोटं पसरून. म्हणाली, 'हे कोड आहे. स्पर्शानं लागत नाही, पाण्यातून लागत नाही. डॉक्टरांचं पत्र ऑफिसात ठेवलंय, कुणालाही वाचता येईल. ज्यांना मुलं माझ्याकडं पाठवायची नसतील त्यांनी पाठवू नयेत, मी रागावणार नाही. पण मी आत्ता पाण्यात उतरतेय.' आणि उतरली. व्यवस्थापक ऑफिसच्या दारात उभे होते, त्यांनी शिट्टी हातात घेतली, पुन्हा ठेवली.

तुम्हाला वाटेल, आता सगळी पोरं धडाधड उड्या मारणार. तसं होत नाही हो. एका बाईनं आपल्या मुलीचा हात धरला आणि ती सरळ निघून गेली, तिच्यामागून आणखी दोघी. मग एक गृहस्थ होते, जाडसर, त्यांनी मुलाच्या डोक्यावर टोपी चढवली आणि म्हणाले, 'जा. कालच्या बदली मास्तरांना काही तुझे पाय सरळ करता आले नाहीत.' हेच! हेच मी म्हणायला हवं होतं, बघा! परक्या माणसाला सुचलं. त्या दिवशी एकोणिसातले अकरा उतरले. महिन्याभरात सोळा झाले. तिघं आलेच नाहीत. तक्रार करणाऱ्या बाईची मुलगी त्यात. व्यवस्थापकांनी पुन्हा ऑफिसात बसायचं नाव काढलं नाही. मला भेटले की मात्र चष्म्यांचा ढीग आवरायला लागतात.

त्या रविवारी दुपारी मी गॅलरीत गेलो नाही. बेडकी स्वयंपाकघरात आली आणि जाहीर केलं, 'आई, बाबा, मला बीट आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं. मलम लावीन, प्रकाशाचे उपचार घेईन, झालं तर झालं. डाळिंब खाईन, कारण ते आवडतं. पण डागासाठी म्हणून आता मी काही खाणार नाही.' ही म्हणाली, 'बरं.' मी म्हटलं, 'बरं.' मी तर मनातून टाळ्या वाजवल्या, म्हटलं, सुटलो! कढई काढा!

कुठलं काय? आमचे नेहमीचे डॉक्टर. सहज म्हणून गेलो, त्यांनी वजन केलं, रक्तदाब बघितला, पुन्हा बघितला. 'काय केलंत काय तुम्ही? आठ किलो उतरलंय. रक्तदाब कधी इतका चांगला नव्हता तुमचा. आणि चेहरा बघा, काय तुकतुकीत झालाय!' म्हणजे बघा, मी हातोड्याला जे खोटं सांगितलं होतं ते खरं निघालं! मी म्हटलं, 'बीट, डॉक्टर.' ते म्हणाले, 'बीट असेल, पालक असेल, तळलेलं सोडलंत तेही असेल. जे असेल ते चालू ठेवा. सोडायचं नाही!' हिनं ऐकलं. हिनं ऐकलं म्हणजे विषय संपला. आता चित्र असं: पोरगी समोर बसून कढईतलं गरम गरम खातेय, कुरकुर आवाज मला ऐकू येतोय, आणि माझ्यापुढं वाडगा. वर्कशॉपात गिऱ्हाईक विचारतात, 'मिस्तरी, चेहऱ्याला काय लावता?' अख्ख्या घरात अँटिऑक्सिडंटचा ज्याला गुण आला तो मी! ज्याला कुणी बघत नाही, ज्याच्या तोंडावर बत्तीस वर्षं रंगाचा मास्क! बेडकीच्या डोळ्यापाशी थोडा रंग परत आलाय, ठिपक्या ठिपक्यांनी, प्रकाशाच्या उपचारानं. बोटांवरचा डाग आहे तसाच आहे. वाढला, नाही वाढला, मी आता मोजत नाही. काय करणार? खातो. कुणासाठी म्हणून नाही, गपचूप आपलं.

आणि डॉक्टर एवढ्यावर थांबले असते तर... म्हणाले, 'आता व्यायाम हवा.' मी म्हटलं, 'गुडघे गेलेत, बत्तीस वर्षं गाड्यांपुढं उकिडवं बसून.' 'मग पोहायला जा. गुडघ्यांवर भार नाही.' मला पोहता येत नाही! पाण्याची भीती वाटते मला, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. बेडकी म्हणाली, 'त्यात काय? माझ्या वर्गात या.' गेलो. माझ्या एका बाजूला सहा वर्षांची एक, दुसऱ्या बाजूला सात वर्षांचा एक, आणि मध्ये मी, कंबरभर पाण्यात, काठाची दांडी घट्ट धरून. बेडकीनं समोरून हात पुढं केले. 'सोडा दांडी. मी आहे ना खाली.' मी सांगायला लागलो, की हे बघ, माझं वय, माझे गुडघे, मला एकदा लहानपणी असं झालं होतं... तर म्हणाली, 'बाबा, बोलणं बंद. तोंड पाण्यात. फुगे काढा.'

म्हणून तर तुम्हाला आत्ताच गाठून सगळं सांगून टाकलं हो! उद्या सकाळी सहाला पुन्हा माझं तोंड पाण्यात.